शंभरामागे एकतीस

शाळेची भट्टी मी पेटवतो, अठरा वर्षं झाली.
पहाटे चारला, जेव्हा साज-बुलाकमधली कुत्रीसुद्धा
भुंकायचं काम उजाडण्यावर ढकलतात.
उणे अठ्ठावीस. मुलं आठला येतात,
ओले हातमोजे पाइपांवर वाळत घालतात
आणि पाइप कोमट लागला
की माझ्याकडे बघतात. माझ्याकडेच.

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
त्या हिवाळ्यातला आमचा
जळता जळता पांढरा होत होता.
फावड्याखाली दगड वाजायचे,
मी भट्टीला शिव्या द्यायचो.

बुरुलकान आपा नोव्हेंबरात आली, बादली घेऊन.
ओमुर, राख फेकू नकोस, मला दे.
मला वाटलं, बटाट्याच्या वाफ्यात घालायची असेल.

जन्मभर तिने सरकारी केंद्रात लोकर तोलली:
भिजवलेली लोकर, वाळू पाजलेली लोकर,
आत मेंढ्याचं शिंग लपवलेली लोकर.
तिच्या हातात ताणकाटा दिसला
की मेंढपाळ गाठोडं न सोडताच खरं बोलायचे.

मग रोज कोळसा आत जाताना एकदा तोलायचा,
राख बाहेर येताना एकदा.
नातीच्या जुन्या भूगोलाच्या वहीत
नद्यांच्या नावांखाली आकडे.
अकरा दिवसांनी तिने रेघ मारली:
शंभर किलोमागे एकतीस.
करारात लिहिलंय बारा, ती म्हणाली.

कसला करार?
तिने नातीचा मोबाइल माझ्यापुढे धरला.
कोणालाही वाचता येतो, फुकट.
साठ टन, सहा खेपा, दहा-दहाच्या.
पण लॉरीचा हौदा तिने शिंप्याच्या टेपने मोजला होता,
ड्रायव्हर आत चहा पीत असताना.
सात टनांवर आठवा मावत नाही त्यात.

आणि ही खाली सही कोणाची?

‘माल मोजून घेतला.’
मी फक्त पेन हातात घेतलं होतं.
इंजिन चालू होतं, ड्रायव्हरला खिंड बंद व्हायच्या आत
परत जायचं होतं, माझी बोटं गारठली होती.
एवढ्या थंडीत माणूस काहीही लिहून देतो.

बैठकीत सतरा माणसं आली, त्यातली नऊ ऊब होती म्हणून.
पुरवठादाराच्या माणसाने बूट पुसून घेतले होते.
त्याने आदराने विचारलं: आजी, हा काटा प्रमाणित आहे का?
तिने काटा उलटा केला. शिक्का होता, एकोणीसशे शहाऐंशीचा.
ज्या देशाने तो मारला
तो देशच आता नव्हता.
लोक हसले. तीही हसली, थोडं उशिरा.
मग म्हणाली, किलो मात्र तोच राहिलाय.

मला बोलायचं नव्हतं.
माझा पगार त्याच टेबलावरून निघतो.
पण तिने बादल्या ओळीने मांडल्या होत्या, अकरा,
आणि प्रत्येकीत मीच काढलेली राख.
मी उठलो. सही माझी आहे, म्हणालो.
मी मोजलं नव्हतं.
यापुढचं वाक्य मला सुचलं नाही, म्हणून खाली बसलो.

फेब्रुवारीत अठरा टन आले, रात्री, न बोलता.
काळाकुट्ट, तुटताना काचेसारखा चमकणारा.
चोरी झाली असं कोणी कुठेच लिहिलं नाही.
माझा पगार दोन महिने ‘तपासात’ राहिला.
पुरवठादाराच्या कंपनीला आता नवं नाव आहे,
फोन नंबर जुनाच.

बादल्या दालनातून उचला, असा निरोप आला.
तोवर बर्फाची काच झाली होती;
आपा घसरेल म्हणून मी ती राख
तिच्या फाटकापासून शाळेपर्यंत पसरली.
अकरा बादल्या नेमक्या पुरल्या नाहीत.
शेवटची चाळीस पावलं उघडीच राहिली.

आता लॉरी आली की मी म्हणतो, इंजिन बंद कर.
ड्रायव्हर कुरकुरतो, खिंडीकडे बघतो.
मी हातमोजे काढतो,
आणि बोटं बधिर होईपर्यंत
मोजत राहतो.